घरी ईव्ही चार्जर बसवताय? 'स्मार्ट' चार्जरने खरंच बिल कमी होतं का?

इलेक्ट्रिक कार बुक केली की रंग आणि बॅटरीनंतर पुढचा प्रश्न येतो, तो चार्जरचा. साधा घ्यायचा की स्मार्ट? स्मार्टसाठी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "रात्री वीज स्वस्त असते, हा चार्जर आपोआप तेव्हाच चालू होतो."

ऐकायला भारी वाटतं. पण महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकांसाठी गणित जवळपास उलटं आहे. स्मार्ट चार्जरचा खरा फायदा आहे, फक्त तो वेगळ्याच ठिकाणी आहे. नीट समजून घेऊ.

आधी हे बघा, भिंतीवरचा डबा नेमकं करतो काय?

घरात येणारी वीज एसी असते आणि बॅटरीला लागते डीसी. घरच्या चार्जिंगमध्ये हे रूपांतर गाडीच्या आत बसवलेला चार्जर करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे सुरक्षित स्विच. गाडीशी बोलून किती करंट द्यायचा हे तो ठरवतो आणि गडबड झाली तर वीज तोडतो.

त्यामुळे गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ७.४ किलोवॉटचा डबा लावूनही गाडी ३.३ नेच चार्ज होणार. ३० युनिटची रिकामी बॅटरी ३.३ किलोवॉटने भरायला साधारण ९ ते १० तास लागतात, ७.४ ने साडेचार-पाच तास. रोज ३०-४० किलोमीटर फिरणाऱ्याला रोज पूर्ण बॅटरी भरावीच लागत नाही. अशा वेळी चांगलं अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंटही अनेकांना पुरतो.

मग 'स्मार्ट' म्हणजे काय?

हा चार्जर इंटरनेटला जोडलेला असतो. ॲपवरून वेळ लावता येते, किती युनिट गेले ते दिसतं आणि घरातला इतर वापर वाढला की तो स्वतःचा करंट कमी करू शकतो.

रात्रीच्या स्वस्त विजेचा मुद्दा ब्रिटनसारख्या देशांत खरा आहे. तिथे अनेक वीज कंपन्यांचे रात्रीचे दर बरेच कमी असतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ३० जून २०२२ पासून विकले जाणारे घरगुती चार्जर स्मार्ट असणं बंधनकारक आहे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या वेळा टाळूनच चार्जिंग होईल, असं सेटिंग त्यात आधीपासून असावं लागतं. ग्राहक ते बदलू शकतो.

आपल्याकडे स्वस्त वीज कधी मिळते?

दिवसा. कारण सौरऊर्जा. दुपारी सौर प्रकल्पांची वीज भरपूर असते आणि सूर्य मावळल्यावर मागणी वाढते. म्हणूनच केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून वेळेनुसार दर, म्हणजे 'टाइम ऑफ डे' किंवा टीओडी पद्धत आणली.

महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर त्यांचे दर वेगळे, ते तपासा.

इथे दोन अडचणी आहेत. एक, मीटर टीओडी नसेल तर चार्जर कितीही स्मार्ट असला तरी सवलत शून्य. दुसरी, ९ ते ५ या वेळेत बहुतेकांची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते.

किती पैसे वाचतात?

मीटरवरच्या एका युनिटमागे कार साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. महिन्याला १,००० किलोमीटर फिरलात तर सुमारे १५० युनिट लागतील. हे सगळं चार्जिंग दिवसा केलं तरी ८० पैशांनी वाचतात १२० रुपये. वर्षाचे १,४४०. स्मार्ट चार्जरसाठी १०,००० रुपये जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला सात वर्षं.

आणि दिवसाची सवलत घ्यायला स्मार्ट चार्जर हवाच असंही नाही. रविवारी सकाळी ९ नंतर हाताने प्लग लावला तरी ती मिळते. अनेक गाड्यांच्या स्वतःच्या ॲपमध्येही वेळ लावायची सोय असते.

बिलावर जास्त परिणाम करतो तो स्लॅब. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. घराचा वापर २०० युनिट असेल आणि गाडीचे १५० वाढले, तर ५० युनिट थेट महागड्या स्लॅबमध्ये जातात. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. पण चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शनही घेता येतं, त्याच्या दराला हे घरगुती स्लॅब लागत नाहीत. स्थिर आकार धरून दोन्हींचा हिशेब करा आणि मगच ठरवा.

सोसायटी 'लोड नाही' म्हणाली तर?

सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या इथेच. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, पार्किंग तळमजल्यावर आणि मधे सोसायटीची एनओसी. कमिटीचं नेहमीचं उत्तर, "एकाला परवानगी दिली की सगळे मागतील, ट्रान्सफॉर्मर झेपणार नाही."

ही भीती अगदीच खोटी नाही. २० गाड्या एकाच वेळी ७.४ किलोवॉटने चार्ज झाल्या तर लोड होतो १४८ किलोवॉट. पण गरज किती आहे ते बघा. रोज ३५ किलोमीटरला ५-६ युनिट लागतात. म्हणजे २० गाड्यांना सुमारे ११० युनिट. ते रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत वाटले तर सरासरी लोड येतो १४ किलोवॉटच्या आसपास!

१४८ आणि १४ मधला हा फरक भरून काढणं हेच स्मार्ट चार्जरचं खरं काम. सगळे चार्जर एकमेकांशी जोडून एकूण मर्यादा घातली की उपलब्ध लोड गाड्यांमध्ये वाटला जातो. हा फायदा एकट्याने महागडा चार्जर लावून मिळत नाही, सोसायटीने मिळून ठरवावं लागतं. प्रत्येकाने आपापली वायर ओढून झाल्यावर हा विचार करणं महागात पडतं.

कायदाही कमिटीला सांगण्यासारखा आहे. घरच्या सध्याच्या कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बदललेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. त्याच बदलात नव्या कनेक्शनची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर महापालिका-नगरपालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांवर आणली गेली.

पण सामाईक जागेतून वायर नेताना सोसायटीशी बोलणं टळत नाही. म्हणून अर्ज लेखी द्या. वायरचा मार्ग, लोड, मीटरची जागा आणि खर्च कोण करणार हे त्यात लिहा. 'परवानगी द्या' एवढंच म्हणण्यापेक्षा असा अर्ज नाकारणं कमिटीला अवघड जातं.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत?

वायरिंगमध्ये. चार्जिंगचा लोड तासन्‌तास सलग चालतो, गीझरसारखा १५ मिनिटांत बंद होत नाही. त्यामुळे मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आणि तपासलेलं अर्थिंग हवंच. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. मंजूर लोड कमी असेल तर आधी तो वाढवून घ्या.

स्मार्ट चार्जर घेणारच असाल तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. इंटरनेट बंद पडलं तर चार्जिंग चालू राहतं का? आणि उद्या कंपनी बदलली तर हाच चार्जर दुसऱ्या ॲपवर चालेल का? 'ओसीपीपी' ही खुली प्रणाली असेल तर तशी शक्यता असते.

बंगला असेल, गाडी एकच असेल आणि रोजचं फिरणं कमी असेल, तर साधा चार्जर आणि उत्तम वायरिंग पुरेसं आहे. सोसायटीत राहत असाल तर ॲपची फीचर्स बघण्याआधी पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्यायला लावा. आज पार्किंगमध्ये दोन ईव्ही असतील, तेव्हाच ठरवणं सोपं आहे.