सुरतेचे कपुचिन बाबा आणि महिन्याला एक शुभवर्तमान



सुरत म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो 1664 चा जानेवारी महिना. छत्रपती शिवाजी महाराजांची फौज त्या धनाढ्य बंदरावर चालून आली, शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला, आणि विरजी व्होरासारख्या सावकारांच्या कोठ्या रित्या झाल्या. हा इतिहास आपण शाळेच्या पुस्तकात वाचला आहे. परंतु त्याच प्रसंगातील एक लहानशी गोष्ट आपल्या ख्रिस्ती घरांतून फारशी सांगितली जात नाही. त्या वेळी सुरतेत अँब्रोझ नावाचे एक कपुचिन धर्मगुरू राहत होते. त्या काळी हिंदुस्थानात वावरणारा फ्रेंच वैद्य बर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की, महाराजांनी या बाबांच्या घराला धक्का लावू दिला नाही. हे पाद्री भली माणसे आहेत, त्यांच्या वाटेस कोणी जाऊ नये, असा त्यांचा हुकूम होता. लगेच पुढे तो असेही सांगतो की, डच व्यापाऱ्यांच्या एका हिंदू दलालाचे घरही असेच वाचले. तो दलाल मरण पावला होता. परंतु हयातीत त्याने पुष्कळ दानधर्म केला होता, ही वार्ता महाराजांच्या कानी गेली होती.

दोन घरे वाचली, ती तोफांनी नव्हे. इंग्रज व डच यांनी आपापल्या वखारी शस्त्रांच्या बळावर राखल्या. बाबांपाशी शस्त्र नव्हते, आणि दलाल तर मातीआड झालेला. वाचवले ते त्यांच्या लौकिकाने. आणि व्यापाराच्या पेठेत असा लौकिक मिळणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. जेथे मोती, नीळ, रेशीम आणि चांदी यांचे ढीग रोज हातावेगळे होतात, जेथे प्रत्येक जहाजाबरोबर नफ्याच्या आशेने शेकडो माणसे उतरतात, तेथे एखादा मनुष्य काहीही न मागता राहतो, ही गोष्ट पेठेच्या नजरेतून सुटत नाही. जो घेत नाही त्याची आठवण घेणाऱ्यांनाच अधिक राहते, असा आमचा अनुभव आहे.

मग असे निर्लोभ राहण्याचे बळ त्या संन्याशांना कोठून मिळत असे? त्यांच्या संघाचा एक जुना नियम आम्हांला येथे फार मोलाचा वाटतो. कपुचिन संघाचा आरंभ 1528 साली झाला आणि 1536 मध्ये त्यांनी आपले नियम लिहून काढले. त्यांत असे घालून दिले आहे की, मठात चारही शुभवर्तमाने वर्षातून तीन वेळा वाचली जावीत, म्हणजे दर महिन्याला एक. जानेवारीत मत्तय, फेब्रुवारीत मार्क, मार्चमध्ये लूक, एप्रिलमध्ये योहान, आणि मे उजाडला की पुन्हा मत्तय, अशी ही पाळी आपण मनाशी मांडून पाहावी. वर्षामागून वर्ष हाच क्रम चालला तर वाचलेले शब्द कागदावर राहत नाहीत. ते माणसाच्या रक्तात उतरतात.

आता कोणी म्हणेल, वाचनाचा आणि मोहाचा संबंध काय? मोह हा हातापायांचा आणि डोळ्यांचा. त्याला पुस्तक काय करणार? याचे उत्तर खुद्द आपल्या प्रभूच्या चरित्रात आहे, आणि महाउपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी ते मिस्सात आपल्यापुढे ठेवले जाते. रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूजवळ आला. प्रभू देवाचा पुत्र; एका शब्दाने त्याला हाकलून लावणे त्याला अवघड नव्हते. तथापि त्याने तसे केले नाही. तीन वेळा मोह आला आणि तीनही वेळा त्याने शास्त्रातील वचन उच्चारून उत्तर दिले. ही तीनही वचने अनुवाद या एकाच पुस्तकातील, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतील आहेत. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात भटकले तेव्हा कोठे चुकले, याची आठवण करून देणारा तो भाग आहे. ज्या परीक्षेत पूर्वज पडले तीच परीक्षा प्रभूने उपाशीपोटी दिली, आणि उत्तरे त्याच पुस्तकातून दिली. रानात त्याच्या हाती ग्रंथ नव्हता. नासरेथच्या सभास्थानात ऐकलेले, घरी म्हटलेले जे त्याच्या अंतःकरणात होते तेच त्या घटकेला ओठांवर आले. मोह आल्यावर पुस्तक शोधू लागणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

आणि येथे एक सावधगिरीची गोष्ट. मत्तयाच्या वृत्तान्तात दुसऱ्या मोहाच्या वेळी सैतानही शास्त्रच बोलतो! एक्याण्णवाव्या स्तोत्रातील, देवदूत हातांवर झेलतील अशा अर्थाची ओळ तो प्रभूला ऐकवतो. परंतु त्या स्तोत्रात लगेच पुढे सिंह आणि सर्प यांना पायाखाली तुडवण्याची भाषा आहे. तेथवर तो येत नाही. स्वतःच्या पराभवाची ओळ कोण म्हणून दाखवील? ज्याला शास्त्राचे दोनचार तुकडेच ठाऊक आहेत त्याला अशा तुकड्यांनीच फसवता येते. म्हणूनच सुटी वचने भिंतीवर टांगून भागत नाही; पुढचीमागची ओळ ठाऊक पाहिजे, आणि ती रोजच्या क्रमवार वाचनावाचून ठाऊक होत नाही.

हे सर्व आम्ही आज लिहीत आहो त्याला कारण आजची सुरत आहे. खानदेशातून तर तापीकाठच्या लोहमार्गाने कित्येक वर्षे मराठी माणूस तेथे जात आला आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांच्या खडखडाटात मराठी बोली ऐकू येते. आपल्या गावांतूनही कोणाचा मुलगा, कोणाचा जावई कापडाच्या बाजारात किंवा हिऱ्याच्या कारखान्यात कामाला लागतो. तेथे हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याला रत्नकलाकार म्हणतात. केवढा मानाचा शब्द! तांदळाच्या कणीएवढा खडा, त्याची मोजदाद, त्याचे वजन, आणि त्यावर ठरणारी मजुरी. त्या शहरात हजारो घरांची चूल अक्षरशः दगडावर पेटते. प्रभूला पहिला मोह झाला तो दगडाची भाकर करण्याचा, हे त्या शहराकडे पाहताना आम्हांला राहून राहून आठवते. भाकर वाईट नाही, श्रमही वाईट नाहीत. मोह असतो तो जवळच्या वाटेचा. एवढासा खडा इकडचा तिकडे झाला तर कोणाला कळणार? 2023 आणि 2024 मध्ये हिऱ्यांच्या धंद्यात मंदी आली आणि अनेकांचे काम सुटले, तेव्हा हा प्रश्न कित्येकांच्या मनाशी रात्री येऊन बसला असेल. उपाशी माणसालाच सैतान भाकरीची गोष्ट सांगतो. भरल्या पोटाच्या माणसासाठी त्याच्याजवळ दुसऱ्या गोष्टी आहेत.

त्या दुसऱ्या गोष्टीही तेथे थोड्या नाहीत. गुजरात राज्यात 1960 मधील स्थापनेपासून दारूबंदी आहे, तरी पिणाऱ्याला वाट सापडते. कायदा बाटली अडवू शकतो, तहान अडवू शकत नाही. त्यात भर मोबाईलवरच्या जुगाराची. पूर्वी मटक्याच्या अड्ड्यावर जाताना निदान कोणी पाहील ही लाज तरी होती. आता खोलीत अंथरुणावर पडल्या पडल्या महिन्याचा पगार जातो आणि शेजारी झोपलेल्या सोबत्यालाही पत्ता लागत नाही. गावात आईची नजर होती, धर्मगुरूंची ओळख होती, चर्चची घंटा होती. परक्या शहरात बारा तासांच्या पाळीनंतर यांतले काहीच सोबत नसते. सोबत नेता येते ते फक्त मनात साठवलेले.

संत ऑगस्टिनचे उदाहरण आपल्या प्रवचनांतून नेहमी दिले जाते. 386 साली मिलान शहरातील एका बागेत, वासनेशी झगडून थकलेल्या अवस्थेत, त्याने संत पौलाचे पत्र उघडले आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील शेवटच्या ओळींवर त्याची दृष्टी पडली. खादाडपणा, मद्यपान आणि विषयवासना सोडून ख्रिस्ताला धारण करावे, असा तेथे उपदेश आहे. ऑगस्टिनचे आयुष्य तेथून पालटले. पण ही कथा ऐकून कोणी शास्त्र सोडतीच्या चिठ्ठीसारखे उघडू लागेल तर ते आम्हांला मुळीच पसंत नाही. त्या बागेच्या आधी मिलानचे महागुरू संत अँब्रोझ यांची प्रवचने त्याने दीर्घ काळ ऐकली होती, पौलाची पत्रे त्याने पूर्वीच वाचायला घेतली होती, आणि त्याच्या आईने त्याच्यासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले होते. बी पेरून झाले होते. त्या दिवशी ते उगवले. (सुरतेच्या बाबांचे नावही अँब्रोझच, हा योग आम्हांला गोड वाटतो.)

आपल्या वाडवडिलांपैकी काहींचा असा समज होता की, शास्त्र वाचणे हे प्रॉटेस्टंट बंधूंचे काम, आपण जपमाळ करावी. या बंधूंचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सुरतेतच लंडन मिशनच्या प्रचारकांनी 1815 पासून राहून गुजराती बायबल भाषांतरून छापले, हे त्यांचे मोठे कार्य आहे. परंतु तो समज मात्र खरा नव्हे. आपल्या मराठीत फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्येच छापले गेले, ते शास्त्रातील कथा ओव्यांतून ख्रिस्ती घरांत पोहोचाव्यात म्हणूनच. पोप तेरावे लिओ यांनी 1898 मध्ये, रोज पाव तास शुभवर्तमान वाचणाऱ्या श्रद्धावंतांना दंडमोचनाचा लाभ जाहीर केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये देवशब्दावरील आपल्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना वारंवार शास्त्रवाचनाचा कळकळीचा आग्रह केला, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये वर्षातील एक रविवार खास देवशब्दासाठी नेमून दिला. आज अर्धा तास भक्तिभावाने वाचणाऱ्याला नेहमीच्या अटींवर पूर्ण दंडमोचन मिळू शकते. भाषेची सबबही आता उरलेली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल साध्या, वाहत्या मराठीत आहे. जपमाळेलाही याने उणेपणा येत नाही, किंबहुना तिची बहुतेक रहस्ये शुभवर्तमानातूनच घेतलेली आहेत. ज्याने लूकचे पहिले दोन अध्याय वाचले आहेत त्याला आनंदाची रहस्ये निराळीच भासतील.

आता कृतीविषयी थोडे. आमची सूचना एवढीच की, कपुचिन बाबांचा तो जुना नियम आपल्या घरात आणून पाहावा. मत्तयाचे अध्याय अठ्ठावीस, मार्कचे सोळा, लूकचे चोवीस, योहानाचे एकवीस. रोज एक अध्याय वाचला तर कोणतेही शुभवर्तमान एका महिन्यात सहज पुरे होते. संध्याकाळच्या जपमाळेनंतर, दूरदर्शन संच लावण्याआधी, घरातील एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. वाचणारा रोज बदलावा. अडखळत वाचणाऱ्या मुलाला हसू नये, आणि आजीला अक्षर लागत नसेल तर तिने ऐकलेले दुसऱ्या दिवशी आपल्या शब्दांत सांगावे. आजीच्या तोंडून ऐकलेली उधळ्या पुत्राची गोष्ट कोणत्याही प्रवचनापेक्षा लांबवर टिकते. वाचल्यावर लांबलचक विवेचन करू नये. क्षणभर गप्प बसावे आणि त्या अध्यायातील एक वाक्य ज्याने त्याने मनाशी ठेवावे, दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते घोळवावे. मोह आला की हेच वाक्य हाताशी येते. कधी येणारही नाही, आणि मनुष्य पडेल. तेव्हा पापनिवेदनाला जावे, आणि त्या रात्रीचा अध्याय चुकवू नये. पडलो म्हणून वाचायला लाज वाटते, असे अनेक जण म्हणतात. सैतानाला हवी असते ती नेमकी हीच लाज.

ज्यांचा मुलगा सुरतेस आहे अशा आईबापांनी त्याच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीबरोबर नव्या कराराची लहान प्रत ठेवावी, आणि घरी जो अध्याय चालू आहे तोच त्याने तिकडे वाचावा असे ठरवून घ्यावे. फोनवर बोलताना पगार आला का, जेवलास का, हे विचारून झाल्यावर आज कितवा अध्याय, एवढेच विचारावे. तपासणीच्या सुरात विचारू नये. आपण काय वाचले ते आधी सांगावे. रात्रपाळी असेल तर त्याने कामावर जाण्यापूर्वी वाचावे, पाळीवरून आल्यावर डोळे मिटू लागतात. मार्कपासून आरंभ करणे त्याला सोपे जाईल, अध्याय थोडे आहेत आणि गोष्ट वेगाने पुढे सरकते. महिन्याचे जे दिवस उरतील ते ओव्हरटाइममुळे आणि आजारपणामुळे मागे पडलेल्या अध्यायांसाठी राखून ठेवावेत.