रोगी पर्याय घेऊन येत नाही

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना येथे एफएमजीई परीक्षा द्यावी लागते. प्रश्न ३००, उत्तीर्ण व्हायला गुण १५०. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, पैकी एक बरोबर असतोच.

दवाखान्यात तशी सोय नाही. पन्नाशीचा मधुमेही शेतकरी 'डॉक्टरसाहेब, पित्त झालंय' एवढेच सांगतो. दरदरून सुटलेला घाम उन्हाचा म्हणतो. असा एक रोगी मी पूर्वी पित्ताची गोळी देऊन घरी पाठविला. तो हृदयविकाराचा झटका होता, हे रात्री कळले. वाचला, ते त्याचे नशीब! अशा वेळी कोणता रोग जास्त संभवतो यापेक्षा कोणता हुकला तर जीव जाईल, हे आधी पाहावे लागते. आता मी ईसीजी काढतो. चांगला आला तरी थोड्या वेळाने पुन्हा काढतो.

परवान्यापूर्वी उमेदवाराला खरा रोगी तपासायला लावावा आणि त्याचेही गुण धरावेत, असे माझे मत आहे.