मागच्या रांगेतली नावे

निवृत्तीनंतर नाशिकच्या घरी मेंडोलिनवर रॅगटाइम वाजवू लागलो, तेव्हा बँकेची आठवण झाली. ठेका खातेवहीसारखा चोख. सूर मात्र मात्रा चुकवून निसटणारा! स्कॉट जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ची. पुढच्या पिढीतले जॅझ गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटात रुजवले, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ (१९५१) आठवा. मेंडोलिन वाजवणारे लक्ष्मीकांत आणि व्हायोलिन वाजवणारे प्यारेलाल पुढे संगीतकार झाले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे प्यारेलालांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले. मागच्या रांगेतल्या कित्येकांची नावे मात्र पडद्यावर कधी आलीच नाहीत. घरात जुने गाणे लागले, की मुलांना बरोबर घेऊन शोधा: हे वाजवले कोणी? ते देणे अजून फिटलेले नाही.