पट्ट्याचे दुश्मन दुकानात नकोत

मोटारीच्या ॲक्सेसरीज विकणाऱ्या दुकानांत धातूचा एक चपटा तुकडा मिळतो. तो सीट बेल्टच्या बकलमध्ये खोचला की गाडीची घंटी गप्प बसते आणि पट्टा न लावता गाडी खुशाल हाकता येते. आमच्या वाचकांपैकी कोणी हा माल ठेवत असेल, तर त्याने तो आजच काउंटरवरून काढावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या पट्ट्यामागची मेहनत तरी पाहा. 1959 साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी खांदा व कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखानदारांना खुले केले. नफ्यावर पाणी सोडणारे व्यापारीही असतात तर! संयुक्त राष्ट्रांच्या 16 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे पट्टीने सुमारे दीड टन ओढ सोसली पाहिजे. ऊन, थंडी, पाणी, घासणे यांतून काढून तिला पुन्हा ताणतात. बकल 5,000 वेळा उघडझाप करतात. मग आसनावर पुतळा बांधून ताशी 50 किलोमीटर वेगाची ट्रॉली एकदम थांबवतात आणि पुतळा किती पुढे झेपावतो ते मोजतात. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेत अशा चाचण्या होतात.

एवढे सगळे तो तुकडा एका क्षणात फुकट घालवतो. शिवाय पट्टा नसलेला माणूस उघडणाऱ्या एअरबॅगवर आदळला, तर तीच बॅग त्याला जखमी करू शकते.

सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते व पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना हे तुकडे विक्रीतून काढायला लावले.

गिऱ्हाईक मागते म्हणून ठेवतो, हे उत्तर आम्हाला पटत नाही.

गॅरेजवाल्यांनाही एक सांगणे आहे. अपघातात पट्टी ताणली जाऊनच धक्का सोसते. एकदा ताणलेली पट्टी पुन्हा तेवढे काम देत नाही. म्हणून ठोकलेल्या गाडीचा पट्टा दुसऱ्या गाडीत बसवू नये, कितीही स्वस्त पडला तरी. आणि सीट कव्हर चढवताना मागची बकले खाली दबू देऊ नयेत. तेथे नीट चीर देऊन काठ शिवून द्यावा, त्याची मजुरी वेगळी घ्यावी.