हिशेब द्या!

1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तो कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. त्यासाठी सांडलेल्या रक्तात गिरणी कामगाराचेही रक्त आहे. राज्य आमचे, तर हिशेबही आम्हीच विचारणार!

पहिला सवाल घराचा. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : पालिका, म्हाडा आणि मालक. 2001 साली सरकारने नियम फिरवला. वाटणी मूळच्या मोकळ्या जागेपुरतीच उरली. शेड पाडून निघालेली जमीन मालकाच्या घशात गेली. कामगारांचे अर्ज दीड लाखाच्या घरात, आणि 2012 च्या पहिल्या सोडतीत घरे 6,925! तीही 225 चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनाचे माप 300 फूट, तेही अपुरेच. मग आमचे त्याहून तोकडे का? घरात सून आली की म्हाताऱ्याने काय जिन्यात झोपायचे?

दुसरा सवाल शाळेचा. राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने 1966 सालीच बजावले. 2009 च्या कायद्याने पोरांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तरी मराठी राज्यात मराठी शाळांना कुलपे लागली! म्हणे, पट घटला. अहो, आईबापांना गिरणगावातून हुसकलेत, मग पट राहील कुठून?

म्हणून आमची मागणी एकच. कुठल्या गिरणीची जमीन किती मिळाली, घरे किती बांधली, शाळेवर पैसा किती खर्चला, हे वॉर्डवार छापा नि नाक्यानाक्यावर लावा. मते मागायला याल तेव्हा तो कागद हातात घेऊन या!