मूळचे कुठले?

मागच्या डिसेंबरात आई-बाबांना घेऊन दादाकडे टॅम्पाला गेले होते. तिथून गाडीनं दीड तासावर ऑर्लँडो, म्हणजे डिस्नी आलंच. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला झुल्यांवर बसायचं होतं, बाबांना चालायचं होतं आणि आईला 'कुठेतरी नीट चहा' हवा होता. तिघांना पुरेल अशी जागा म्हणून दादानं एपकॉट निवडलं.

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ ला सुरू झालं. त्याच्या मागच्या भागात एक मोठं तळं आहे आणि तळ्याभोवती अकरा देश मांडलेले आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. फेरी साधारण दोन किलोमीटरची. भाच्यानं नकाशा दोनदा तपासला. "आत्या, इंडिया कुठे आहे?" इंडिया नाही. "मग आपण कुठे जायचं?" तो म्हणाला. आम्ही उजवीकडून सुरुवात केली. कॅनडा ओलांडला की ब्रिटन.

ब्रिटन म्हणजे एक गल्ली आणि एक चौक. इथे झुला वगैरे काही नाही, त्यामुळे भाच्याचा चेहरा पडला. पण गल्ली गमतीची आहे. काळ्या लाकडी चौकटींचं ट्यूडर घर, त्याला लागून लाल विटांची हवेली, पुढे व्हिक्टोरियन दुकान. शंभर पावलांत तीनेकशे वर्षं. लाल टेलिफोन बूथ आहेत, तळ्याकाठी पब आहे, मेरी पॉपिन्स छत्री घेऊन फोटोला उभी राहते. चहाच्या दुकानाचं घर शेक्सपियरची बायको अ‍ॅन हॅथवे हिच्या माहेरच्या घरावरून बेतलंय. वरचं गवताचं छप्पर मात्र खऱ्या गवताचं नाही.

बाबांनी सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "यात गिरणी कुठेय? रेल्वे स्टेशन कुठेय?" बरोबर होतं. ज्या गोष्टींच्या जोरावर हा देश जगभर पसरला, त्यातलं काहीच गल्लीत नव्हतं. चहा, बाग, पब, परीकथा. पाहुण्यांना दाखवायचं तेवढंच दिवाणखान्यात मांडलेलं.

"आपला पॅलेस तरी काय वेगळा आहे?" बाबाच पुढे म्हणाले. आपला पॅलेस म्हणजे बडोद्याचा लक्ष्मीविलास. मेजर मँट या इंग्रजानं त्याचा आराखडा केला, तो वारल्यावर चिझम या दुसऱ्या इंग्रजानं काम पुरं केलं, १८९० मध्ये राजवाडा तयार झाला. घुमट, जाळ्या, छत्र्या, कमानी, जिथलं जे आवडलं ते एकत्र. इंग्रजाच्या डोक्यातला हिंदुस्थान, गुजरातेत, मराठी राजासाठी. लहानपणापासून तो बघतेय, पण तो मला कधी खोटा वाटला नाही. आपल्या गावचा आहे, बस.

चहाच्या दुकानात आईनं एक डबा उचलला, चष्मा वर करून वाचला. "आसाम! अगं, हा तर आपलाच." मी म्हटलं, आई, हळू. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी हसली. विशीतली, सावळी, केस घट्ट बांधलेले. डिस्नीत कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली त्यांचं गाव लिहिलेलं असतं, आणि या देशांच्या दुकानांतून बरीच माणसं त्या-त्या देशातून वर्षभराच्या करारावर आणलेली असतात. तिच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं: लेस्टर, इंग्लंड.

आईनं बिल्ला वाचला. तरीही तिनं विचारलंच, "व्हेअर आर यू फ्रॉम?"

"लेस्टर."

"नो नो, ओरिजिनली?"

माझे कान तापले. कारण हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे.

मी पुण्यात नोकरीला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये एसी लावलेला असताना म्हटलं, "जरा बारी बंद करा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "कुणाची बारी?" एकानं विचारलं. घरी आम्ही खिडकीला बारीच म्हणतो. तो शब्द गुजराती आहे हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं मी 'बारी' होते. मग ठरलेली प्रश्नावली. बडोद्याची? म्हणजे गुजराती? मराठी? मग मूळचे कुठले? माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून बडोदा संस्थानात कारकून म्हणून आले. मी साताऱ्याला आयुष्यात एकदा गेलेय, तेही कास पठार बघायला. पण 'मूळचे सातारचे' म्हटलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो, फॉर्ममधला रकाना भरल्यासारखा. बडोदा हे उत्तर कुणाला पुरत नाही. आईलाही हे झोंबतं. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळानं फोनवर तिला तीनदा 'हो, पण मूळ?' विचारलं, तेव्हा तिनं 'बडोदं!' म्हणून फोन ठेवला होता. तीच आई आता इथे.

मुलगी मात्र चिडली नाही. तिला सवय असावी. तिनं सांगितलं, आजी कंपालाची. पणजोबा पोरबंदरजवळच्या एका गावातून पूर्व आफ्रिकेत गेलेले. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा आजी लेस्टरला आली. मग आईकडे नीट बघून तिनंच विचारलं, "गुजराती आवडे छे?"

बडोद्याच्या बाईला गुजराती येतं का! पुढची पाच मिनिटं फ्लॉरिडातल्या ब्रिटनमध्ये, आसामच्या चहाच्या डब्यांसमोर, दोघींचं गुजरातीत चाललं होतं. आईला थेपल्यांपर्यंत पोचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग मुलीनं विचारलं, तमे गुजराती?

"ना, अमे मराठी."

"मुंबई?"

"ना, वडोदरा."

मुलगी जराशी गोंधळली. आणि अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "पण मूळ क्यांना?"

मी आईकडे बघितलं. आई एक क्षण थांबली. मग म्हणाली, "वडोदराना ज." वडोदऱ्याचेच.

मुलगी खळखळून हसली. इंग्रजीत म्हणाली, मी दिवसभर हेच सांगत असते. ब्रिटनच्या गल्लीत, ब्रिटनच्या गणवेशात, ब्रिटनचा बिल्ला लावून उभी असते आणि लोक विचारतात, हो, पण खरी कुठली? कुणी तर इंग्रजी छान बोलतेस म्हणून शाबासकी देतात. आई काही बोलली नाही. तिनं डबा घेतला, पैसे दिले आणि 'जय श्रीकृष्ण' म्हणून निघाली.

बाहेर तळ्याकाठी आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले. बाबांसाठी नुसते चिप्स. ब्रिटनची खूण म्हणून मिरवला जाणारा हा पदार्थ. पण पीठ लावून मासा तळायची रीत तिथे आणली स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी, आणि बटाटा दक्षिण अमेरिकेतला. चहाचं तर आईनं सांगितलंच. त्या गल्लीतून 'मूळचं बाहेरचं' सगळं उचलून नेलं तर खायला-प्यायला फारसं काही उरणार नाही. त्या पदार्थांना कुणी विचारत नाही. माणसांना विचारतात.

रात्री दादाकडे बसून मी लेस्टरबद्दल वाचलं. १९७२ मध्ये सुमारे अठ्ठावीस हजार युगांडन आशियाई ब्रिटनला आले. त्याच वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की तुमच्याच हितासाठी आमच्या शहरात येऊ नका. लोक आले. आज तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं आहेत आणि दिवाळीला अख्ख्या रस्त्यावर रोषणाई होते. ज्या शहरानं येऊ नका म्हटलं, त्याचं नाव ती मुलगी छातीवर लावून उभी होती. एपकॉटच्या गल्लीत ते दुकान नाही, तो रस्ता नाही. पण ती होती.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, तुमच्यापैकी कुणालाच हा प्रश्न नवा नसणार. प्रश्नात वाईट काही नाही. आपण एकमेकांना विचारतो ते बहुतेकदा ओळख काढायला, आणि त्या दुकानात त्या प्रश्नानंच दोघींची ओळख निघाली. चूक होते ती पुढे. समोरच्यानं उत्तर दिलेलं असतं आणि आपण ते उत्तर धरत नाही. 'हो, पण' म्हणतो. मीही म्हटलंय. ऑफिसात एका तमिळ नावाच्या मुलानं 'मी पुण्याचा' असं चक्क मराठीत सांगितलं, तेव्हा मी 'हो, पण मूळचा?' विचारून मोकळी झाले होते. त्याची माफी मागायची राहिलीय.

त्या दुपारी ब्रिटन संपलं की एक छोटा पूल लागला आणि पलीकडे फ्रान्स. बेकरीत काउंटरवर एक उंच, काळा मुलगा होता. बिल्ल्यावर गाव: लिऑन. आईनं चष्मा वर करून वाचलं. मी श्वास रोखला.

"लिऑन," आई म्हणाली. "नाइस." आणि भाच्यासाठी क्रोसां मागितला.