ढकलगाडा घेतांना आधीं चाकें पाहावीं

धानाचीं पोतीं, पंपाची मोटार, मळणीयंत्राचे सुटे भाग अशीं जड ओझीं हलविण्यासाठीं लोखंडी ढकलगाडे आतां आपल्या कोठारांत व दुरुस्तीच्या कारखान्यांत सर्रास आले आहेत. गाडा विकत घेतांना आपण चौकटीचें लोखंड ठोकून पाहतों, रंग पाहतों, भावाची घासाघीस करतों. परंतु ज्यांवर सारा भार पडावयाचा त्या चाकांविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. प्रस्तुत लेखकाचा जन्म तहसिलींतील कारकुनींत गेला. यंत्रविद्येचा त्याला गंध नाहीं. पण येथें चूक होते ती भागाकाराची, आणि भागाकार हा कारकुनाचा विषय आहे.

दोन वर्षांपूर्वीं चिखला येथील माझ्या कोठारासाठीं मीं एक गाडा घेतला. ४० किलोचीं १५ पोतीं म्हणजे ६०० किलो, गाड्याचें वजन ६०, एकूण ६६०. दुकानदार म्हणाला, प्रत्येक चाक १७० किलो पेलतें, चार मिळून ६८०. मग चिंता कसली? हिशेब मला पटला. पण ओबडधोबड जमिनीवर चारहि चाकें एका वेळीं क्वचितच टेकतात. चौरंग डुगडुगतो तो याच कारणानें. भार तीन चाकांवर येतो, तेव्हां भागावयाचें तें तिहींनीं, व उत्तर येतें २२०. दाराच्या उंबरठ्यावर एका चाकाचा चिमटा वांकला, पोतीं कलंडलीं, आणि ढकलणाऱ्या सालदाराच्या पायाचीं दोन बोटें मोडलीं. ऐन कापणींत तो दीड महिना घरीं बसला. औषधपाणी व मजुरी मीं दिली. पण गाडा निवडणारा मी आणि पाय मोडला त्याचा, ही गोष्ट कोणत्या खात्यांत मांडावी?

येथील मँगनीजच्या खाणीकडे बोट दाखवून कित्येक म्हणतात कीं, खनिजाचे टब लोखंडी चाकांवर धांवतात, तर आपणहि बिडाचींच चाकें घ्यावीं. परंतु टबाखालीं गुळगुळीत रूळ असतो. कोठारांतील सिमेंटची फरशी बिडाच्या चाकाखालीं फुटते व प्रत्येक धक्का थेट बेअरिंगला बसतो. नायलॉनचें चाक हलकें चालतें, गंजत नाहीं. पण बारीक खड्यानेंहि अडतें. रबराचें खडे गिळतें व आवाज करीत नाहीं. मात्र भरलेला गाडा महिनोन्‌महिने एकाच जागीं उभा ठेवल्यास तें एका बाजूनें चपटें होतें, आणि तेलानें फुगतें. कारखान्याच्या तेलकट पण सपाट फरशीवर बिडाच्या चाकावर पॉलियुरेथेनची धाव बसविलेलें चाक मला सर्वांत बरें वाटतें. त्यांतहि स्वस्त मालाची धाव सुटून येते, व कांहीं जाती दमट उष्ण हवेंत ठिसूळ होतात.

चाकाची उंची हा मात्र मुख्य मुद्दा. आपल्या बंडीचें चाक वाडवडिलांनीं उंच ठेविलें तें हौसेनें नव्हे. अर्ध्या इंचाच्या उंबरठ्यावर तीन इंची चाक चढविण्यास जें बळ लागतें, त्याच्या सुमारें निम्म्यांत आठ इंची चाक चढतें. फिरतीं चाकें दोनच असावीं, तींहि दांड्याच्या बाजूस. पुढचीं दोन स्थिर. फिरत्या चाकाच्या मानेंत छर्ऱ्यांच्या दोन ओळी आहेत कीं नाहीं, व ग्रीस भरण्याची सोय आहे कीं नाहीं, हें हातांत धरून पाहावें. मान सैल असेल तर बाकी सर्व उत्तम असूनहि तें चाक परत करावें.

आपला संघ सभासदांसाठीं गाडे मागवितो, तेव्हां प्रत्येक चाकाची भारक्षमता बिलावर लिहून घ्यावी, आणि ती भरलेल्या गाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असल्यास माल नाकारावा, अशी माझी सूचना आहे. किंमत थोडी वाढेल हें मान्य.

माझ्या गाड्याला आतां ३०० किलोचीं आठ इंची चाकें आहेत. गाडा उंच झाल्यामुळें पोतें चार बोटें अधिक उचलावें लागतें, अशी सालदाराची तक्रार आहे. ती रास्त आहे. चौकट खालीं घेण्यास लोहाराला सांगितलें आहे.